अण्णांची फियाट आणि चाळीस हजारांचा आकडा

नमस्कार काका,
आमच्याकडे १९६८ची फियाट ११०० डिलाइट आहे. अण्णा डॉक्टर होते, मिरजेच्या आसपासच्या गावांत व्हिजिटला ते हीच गाडी न्यायचे. त्यांना जाऊन पावणेदोन वर्षं झाली. आजारपणाच्या आधी दोन वर्षं खपून त्यांनी गाडी पुन्हा उभी केली, त्याची सगळी बिलं एका पिशवीत आहेत. बेरीज ५ लाख ६० हजार होते. विम्याच्या कागदावर मात्र गाडीची किंमत ४० हजार. गेल्या पावसाळ्यात माडाची झावळी नारळांसकट बॉनेटवर आणि पुढच्या काचेवर पडली. गॅरेजने ३४ हजारांचा अंदाज दिला. एजंट म्हणाले, "क्लेम टाकू नका, गाडी टोटल लॉसमध्ये जाईल." घाबरून मी पदरचे पैसे भरले. पुण्याचा धाकटा भाऊ म्हणतो, अशा गाड्या बारा लाखांना जातात, त्याने व्हिडिओ पाहिलेत. एजंट म्हणतात, सिस्टीम चाळीसच्या वर घेत नाही. पॉलिसी संपायला दोन महिने आहेत. खरी किंमत ठरवायची कशी आणि कोणाकडून?
– मिरजेहून एक वाचक (मूळ पत्रातला थोडा भाग)

ताई,

तुमचा प्रश्न किमतीचा आहे, पण पत्रातल्या दुसऱ्याच गोष्टीपाशी मी अडलो. अण्णांना जाऊन पावणेदोन वर्षं झाली आणि पॉलिसी "संपायला दोन महिने आहेत". म्हणजे त्यांच्या पश्चात ती एकदा तरी नूतनीकरण झाली आहे. कोणाच्या नावाने? तुम्ही लिहिलं नाहीत, पण तीस वर्षं विम्याचा सर्व्हेयर (गाडीचं नुकसान तपासून मोजणारा) म्हणून गाड्यांखाली वाकून काढल्यावर मी पैज लावतो, ती अण्णांच्याच नावाने आहे आणि आरसी बुकावरही अजून त्यांचंच नाव आहे. एजंटने मागच्या वर्षीचा फॉर्म उघडला, तारीख बदलली, पैसे घेतले.

तसं असेल तर चाळीस हजार काय आणि चार लाख काय, आकड्याला आज अर्थ नाही. खासगी मोटारीच्या पॉलिसीत स्पष्ट अट असते: विमाधारक गेल्यावर पॉलिसी लगेच बंद पडत नाही, ती मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत संपेपर्यंत, यांतलं जे आधी येईल तोपर्यंत चालते. त्या काळात वारसाने गाडी आपल्या नावावर करून घ्यायची आणि पॉलिसीही. तीन महिन्यांनंतर कंपनी हात वर करू शकते. झावळी पडली तेव्हा ते तीन महिने कधीच उलटून गेले होते. तुम्ही क्लेम टाकला नाहीत ते एजंटच्या कारणाने, पण टाकला असतात तरी पहिल्याच कागदाला अडकला असता.

म्हणून आधी नाव. गाडी वारसाच्या नावावर करायला आरटीओचा फॉर्म ३१ असतो (विक्रीचा ३०, तो नव्हे). सोबत मृत्यूचा दाखला, मूळ आरसी, पीयूसी, विमा आणि बाकीच्या वारसांची, म्हणजे आईंची आणि भावाची, हरकत नसल्याची प्रतिज्ञापत्रं. भावाची सही आत्ताच घ्या. बारा लाखांचं स्वप्न जुनं झालं की सह्या महाग होतात, हे मी खूप घरांत पाहिलं आहे.

आरटीओत जाल तेव्हा त्याच फेरीत आणखी दोन गोष्टी बघून घ्या. आरसी कधीपर्यंत वैध आहे? पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि आजारपणाच्या काळात ती तारीख निसटून गेलेली असू शकते. नोंदणीच वैध नसेल तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. तात्पुरती नोंदणी संपलेल्या एका गाडीच्या चोरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये कंपनीच्याच बाजूने निकाल दिला आहे. दुसरी गोष्ट, गाडी 'वाहन'च्या, म्हणजे सरकारच्या वाहननोंदणीच्या, संगणकावर चढलेली आहे का. एमएच मालिका येण्याआधीचे तीन अक्षरांचे जुने नंबर कित्येकदा नुसते रजिस्टरात राहून गेलेत. मग विमा कंपनीच्या वेबसाइटवर नंबर टाकला की तो "चुकीचा" म्हणून परत येतो आणि एजंट म्हणतो, सिस्टीम घेत नाही. सिस्टीम पुष्कळदा नंबर घेत नसते, किंमत नव्हे. आरटीओत बॅकलॉग नोंद करून घ्या.

आता किमतीकडे.

तुमच्या घरात तीन आकडे फिरतायत: चाळीस हजार, पाच लाख साठ हजार, बारा लाख. तिन्ही आपापल्या जागी खरे आहेत आणि तिन्ही तुमच्या कामाचे नाहीत.

चाळीस हजार आले कुठून? गाडीच्या विम्यातला मुख्य आकडा म्हणजे आयडीव्ही, विमाधारकाने जाहीर केलेली किंमत. नव्या गाडीसाठी तो ठरीव कोष्टकाने निघतो: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, मग २०, ३०, ४० आणि चौथ्या-पाचव्या वर्षाच्या मध्ये ५० टक्के. कोष्टक तिथेच संपतं. पाच वर्षांवरच्या आणि उत्पादन बंद झालेल्या गाड्यांसाठी २००२च्या मोटार टॅरिफमध्ये (विम्याचे दर आणि नियम ठरवून देणाऱ्या पुस्तकात) कोष्टक नाही, एक वाक्य आहे: किंमत विमा कंपनी आणि विमाधारक यांच्या परस्पर संमतीने ठरेल. परस्पर संमतीने! तुमच्या बाबतीत संमती एकट्या एजंटची आहे. दरवर्षी मागच्या आकड्यातून थोडे कापायचे, फार खाली गेलं की थांबायचं, असं करत चाळीसवर गाडी येऊन टेकली. विम्याचे दर पुढे मुक्त झाले, पण ही मांडणी आजही बहुतेक कंपन्या पाळतात, आणि तुमच्यासाठी दार इथेच उघडं आहे.

कारण आयडीव्हीबद्दल दुसरं एक वाक्य आहे जे फार लोक वाचत नाहीत. एकदा शेड्यूलवर, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावर, छापलेला आयडीव्ही हा त्या पॉलिसीच्या काळापुरता गाडीचा बाजारभाव मानला जातो, आणि गाडी पूर्ण गेली तर त्यातून आणखी घसारा कापत नाहीत. म्हणजे भांडायचं ते नुकसानीनंतर सर्व्हेयरशी नाही. भांडायचं आत्ता, नूतनीकरणाच्या टेबलावर, हातात कागद घेऊन.

इथे 'विंटेज' या शब्दाची गल्लत काढून टाकू, कारण भाऊ तो वापरणारच. विम्याच्या टॅरिफमध्ये विंटेज म्हणजे ३१ डिसेंबर १९४०च्या आधी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने तसा दाखला दिलेली गाडी. फक्त अशा गाड्यांना त्या टॅरिफने 'ठरीव किमतीची' पॉलिसी आणि स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २५ टक्के सूट दिली. तुमची १९६८ची, त्यात बसत नाही. केंद्र सरकारच्या जुलै २०२१च्या नियमांत मात्र विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी. त्यात ती बसते. नव्या विंटेज नोंदणीची फी २० हजार, फेरनोंदणीची ५ हजार, आणि ती दहा वर्षं चालते. २०२२च्या अधिसूचनेने अशा नोंदलेल्या गाडीला थर्ड पार्टी हप्त्यात निम्मी सूट आहे. डिलाइटचं इंजिन १०८९ सीसीचं, म्हणजे २०२२च्या दराने हप्ता ३,४१६ रुपये, वाचले १,७०८. पण बदल्यात गाडी रस्त्यावर काढायची ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय की रविवारी आईंना घेऊन दत्ताच्या दर्शनाला नरसोबाच्या वाडीला जाता. मग ही नोंदणी तुमच्यासाठी नाही. सतराशे रुपयांसाठी वाडी सोडू नका.

(इंग्लंडात एकेका जातीच्या गाडीचा क्लब असतो. सभासदाने फोटो आणि माहिती पाठवली की क्लब किंमतपत्र देतो आणि विमा कंपन्या त्यावर ठरीव किमतीची पॉलिसी देतात. आपल्याकडे एवढी घडी बसलेली नाही. आपल्याला ती आपल्या फाइलपुरती बसवावी लागते.)

चाळीस हजारांचा खरा धोका हप्त्यात दिसत नाही, झावळीत दिसला. गाडी दुरुस्त करायचा एकूण खर्च, पॉलिसीच्या अटी लावून, आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की ती जणू पूर्ण गेली (टोटल लॉस) असं धरतात. चाळीसचे ७५ टक्के म्हणजे तीस. तुमचा अंदाज चौतीसचा. म्हणजे एक बॉनेट आणि एक काच यांच्यापायी, इंजिन शाबूत, चारही चाकं चालती, असलेली गाडी कागदावर मेली ठरू शकली असती. मग कंपनी भंगाराचे पैसे वजा करणार किंवा गाडीच उचलणार, आणि आरसी रद्द करण्याचा विषय निघणार. एजंटची भीती अगदीच खोटी नव्हती. फक्त ते आजाराचं नाव सांगून थांबले.

हाच चौतीस हजारांचा अंदाज, आयडीव्ही चार लाख आहे असं धरून, मी तुमच्या जुन्या कोटेशनवरून पुन्हा मांडला. बॉनेट ठोकून सरळ करण्याची मजुरी ९,०००. मजुरीवर घसारा नाही, पूर्ण मिळते. रंगकाम १४,०००, एकत्र बिल. एकत्र बिल असलं की त्यातला चौथा हिस्सा, ३,५००, रंगाच्या मालाचा धरतात आणि त्याच्यावर निम्मा घसारा, म्हणजे १,७५० कापून १२,२५०. काच ६,०००, काचेला घसारा नाही. काचेभोवतीचं रबर १,०००, रबराला निम्मे, ५००. क्रोमच्या पट्ट्या ४,०००, दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागाला निम्मे, २,०००. बेरीज २९,७५०. त्यातून सक्तीची वजावट (दर दाव्यात विमाधारकाने सोसायची रक्कम) १,०००. हातात २८,७५०. जुन्या गाडीला विम्यातून काही मिळत नाही ही समजूत निम्मी खोटी आहे. जुन्या गाडीच्या कामात मजुरी जास्त आणि सुटे भाग कमी असतात, आणि मजुरी कापली जात नाही. म्हणून पुढे कधीही मिस्त्रीकडून बिल घ्याल तेव्हा मजुरी वेगळी आणि माल वेगळा लिहून घ्या. "फियाट काम, रोख ३४,०००" अशा चिठ्ठीवर कोणी काही देत नाही.

आता पाच लाख साठ हजार. पिशवीतल्या बिलांची यादी तुम्ही पाठवलीत ते फार बरं केलंत: पत्रा आणि रंग २ लाख १०, इंजिन ८५, सीट आणि आतलं काम ६०, क्रोम ४५, टायर-बॅटरी-वायरिंग ७०, आणि "इतर" ९० हजार. खर्च म्हणजे किंमत नाही, हे ऐकायला कडू लागेल. टायर आणि बॅटरी झिजणाऱ्या वस्तू, त्यांचे पैसे गाडीला चिकटून राहत नाहीत. "इतर"मध्ये मिरज-कोल्हापूर टेंपोभाडं आहे, आणि एका चिठ्ठीवर अण्णांच्याच अक्षरात "मिस्त्री, दिवाळी" असंही आहे. ते विमा कंपनी मोजणार नाही. पण इंजिनचं बिल, शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपचं, बोअरचं माप आणि पिस्टनचा साइज लिहिलेलं, हे सोनं आहे. पत्र्याच्या कामाचे उघड्या गाडीचे फोटो असतील तर तेही. अण्णांसारखी माणसं फोटो काढून ठेवतात. त्यांच्या जुन्या मोबाइलमध्ये बघा.

बारा लाख हा मागितलेला आकडा आहे, मिळालेला नाही. जाहिरातीतली किंमत ही विकणाऱ्याची इच्छा. शिवाय भावाने पाहिलेला व्हिडिओ कुठल्या गाडीचा? फियाट म्हणजे एकच गाडी असं बाहेरच्यांना वाटतं. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात १९५४पासून जी गोल पाठीची ११०० निघायची, पुढची दारं उलटी उघडणारी, तिला आपण डुक्कर फियाट म्हणतो. तिचे शौकीन वेगळे, भाव वेगळा. तुमची डिलाइट नंतरची. हीच गाडी पुढे प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी या नावांनी निघत राहिली, त्यामुळे तिचे सुटे भाग अजून कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा पुण्यात नाना पेठेत शोधले तर मिळतात. विम्याच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट, दुरुस्तीचा अंदाज बांधता येतो. किमतीच्या दृष्टीने उलट, कारण अर्ध्या डिलाइटना पद्मिनीची जाळी आणि पद्मिनीचे दिवे लागलेले असतात, आणि शौकीन दहा फुटांवरून ते ओळखतो.

आणि बारा लाख लावले समजा, तर काय होईल? दुरुस्तीच्या दाव्यात एक रुपया जास्त मिळणार नाही, काच सहा हजारांचीच राहते. हप्ता मात्र बारा लाखांवर. आणि गाडी पूर्ण गेलीच तर त्या आकड्याला कसलाच आधार नाही म्हणून कंपनी सगळी फाइल उकरून काढणार.

तर मूल्यांकन कोणाकडून? विमा नियामकाचा, म्हणजे आयआरडीएआयचा परवाना असलेला, ज्याच्या परवान्यात मोटार हा विभाग आहे असा सर्व्हेयर. सांगली-कोल्हापूरकडे असे पुष्कळ आहेत. त्यातला जुन्या गाड्या हाताळलेला शोधा. पहिल्या फोनवर एकच विचारा, "डिलाइट आणि पद्मिनी यांत काय फरक?" उत्तर ऐकून कळेल. गॅरेजवाल्याचं किंमतपत्र घेऊ नका, त्याला पुढचं काम हवं असतं. जुन्या गाड्या घेणाऱ्या-विकणाऱ्याचंही नको, त्याला तुमची गाडी स्वस्तात हवी असते. आणि जो किमतीच्या टक्क्यांत फी मागतो, त्याला चहा पाजून वाटेला लावा. फी ठरीव रकमेत, आधी बोलून, पावतीसकट.

तो आला की घाई करू देऊ नका. गाडी आदल्या दिवशी धुवा, पण पॉलिश मारू नका. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप काढतात, तशी त्याने काढली पाहिजे, इंजिन नंबरही डोळ्यांनी वाचला पाहिजे आणि दोन्ही आरसीशी अक्षर-न्-अक्षर जुळवले पाहिजेत. इथे सगळ्यात जास्त घरं बुडतात. एका काळात कितीतरी फियाटींत डिझेल इंजिनं बसली, नंतर काहींना गॅसचे किट लागले, आणि आरसीवर जुनाच नंबर राहिला. तुमच्या गाडीचं बोअरिंग झालंय, म्हणजे सिलिंडर आतून घासून घेतलेत, ते चालतं, ब्लॉक (इंजिनचा मूळ सांगाडा) तोच आहे. पण अण्णांनी कधी ब्लॉकच बदलला असेल तर मूल्यांकनाआधी आरटीओत नोंद दुरुस्त करा. गॅस किट असेल तर ते आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे लिहिलेलं हवं.

मग चुंबक. माझ्या खिशात कायम एक असायचं, फडक्यात गुंडाळलेलं, रंगाला ओरखडा नको म्हणून. मडगार्डच्या कडेने, दाराखालच्या पट्टीवरून, डिकीच्या तळाशी ते हळूहळू फिरवायचं. पत्रा असेल तिथे चिकटतं, ओढ लागते. आत बोटभर पुट्टी भरलेली असेल तिथे हात एकदम मोकळा सुटतो. रंग तोच, चमक तीच, पण हाताला कळतं. मॅट उचलून पायाखालचा पत्रा, बॅटरीखालचा पत्रा, पावसाचं पाणी साचतं ते कोपरे. तुमच्या सर्व्हेयरने हे केलं नाही आणि बोनेटपुढे उभं राहून मोबाइलवर चार फोटो काढले, तर त्याच्या अहवालाला कंपनीतला माणूसही तेवढीच किंमत देईल. तुम्ही स्वतः आधी चुंबक फिरवून बघा. फ्रिजवरचं चालेल.

अहवालात काय असावं ते सांगतो, कारण मी वाचलेले निम्मे अहवाल "गाडी सुस्थितीत आहे, किंमत रु. अमुक" एवढ्यावर आटोपलेले होते. हेतू विम्याचा आहे असं स्पष्ट, तपासणीची तारीख, मीटरचं वाचन, दोन्ही नंबर छापेसकट. काय मूळचं आहे, काय बदललं आहे, काय पद्मिनीचं आहे. स्टिअरिंगजवळचा गिअर तसाच आहे का, की कोणी खाली फ्लोअरवर आणला आहे. दोष लपवलेले नकोत. दोष लिहिलेल्या अहवालावर माणसाचा विश्वास बसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आकडा कुठून आला. याच मॉडेलच्या, याच सुमाराच्या तीन-चार गाड्या प्रत्यक्षात कितीला गेल्या, त्यांच्या मानाने ही वर की खाली. फियाटवाल्यांचे गट आहेत, रॅलीला भेटतात. तिथे लोक मागितलेला भाव मोठ्याने सांगतात आणि मिळालेला हळू आवाजात. तो हळू आवाजातला हवा. खरेदीखत दाखवायला कोणी तयार असेल तर नाव झाकून त्याची प्रत. शेवटी सही, परवाना क्रमांक, शिक्का.

आकडा किती येईल ते मी सांगणार नाही, गाडी न बघता सांगणारा माणूस तुम्हाला नकोच आहे. समजा चार लाख आला. हप्त्याचं काय? जुन्या टॅरिफचा दर, दहा वर्षांवरची गाडी, तुमचा सीसी, मोठी आठ शहरं सोडून इतर भाग, ३.४३ टक्के. चाळीस हजारांवर तो १,३७२ होतो, चार लाखांवर १३,७२०. आज कंपन्या आपापल्या दराने कमी-जास्त करतात, घासाघीस होते. अण्णांचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मुलांना वारसाने मिळू शकतो, तसा नियम आहे. पूर्ण ५० टक्के असेल तर १३,७२०चे ६,८६० होतात. मधल्या काळातली गडबड आडवी येऊ शकते, मिळेलच असं मी म्हणत नाही, पण मागा. न मागता कोणी देणार नाही. यावर थर्ड पार्टी, मालक-चालकाचा अपघात विमा आणि १८ टक्के जीएसटी.

अहवाल आला की एजंटकडे नव्हे, कंपनीच्या शाखेत जा. सांगलीत सरकारी कंपन्यांच्या शाखा आहेत, जुन्या गाड्यांच्या बाबतीत माझा अनुभव समोरासमोर बसल्यावर बरा आहे. पत्रासोबत अहवाल, बिलांच्या प्रती, फोटो. पोच घ्या. ते आपला माणूस तपासणीला पाठवतील, पाठवू द्या, उलट आग्रह धरा. त्यांच्याच फोटोंत गाडी धड दिसली की नंतर वादाला जागा राहत नाही. नाही म्हणाले तर नकार लेखी मागा आणि पुढच्या कंपनीत जा. पॉलिसी हातात आली की शेड्यूलवरचा आयडीव्ही, नाव, दोन्ही नंबर तिथेच उभं राहून वाचा. व्हॉट्सॲपवरचं "हो मॅडम, चार लाखच टाकलेत" याला काही अर्थ नाही. अहवाल दोन-तीन वर्षांनी नवा करा.

एक राहिलं. भावाला प्री-वेडिंग शूटसाठी गाडी भाड्याने द्यायची कल्पना सुचली आहे, तुम्ही कंसात लिहिलंय. खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही. त्या दिवशी काही झालं तर चार लाखांचा आयडीव्हीही उपयोगाचा नाही. पाहुण्याच्या लग्नात नवरदेवाला हौसेने बसवा, पाकीट घेऊ नका.

फाइलच्या दोन प्रती करा आणि एक भावाकडे पुण्याला ठेवा. २०१९च्या पुरानंतर सांगलीत एका अँबेसिडरचं नुकसान बघायला गेलो होतो. टपापर्यंत पाणी आलेलं, सीटवर बोटभर गाळ. मालक सज्जन, सगळी बिलं वर्षानुवर्षं नीट जपलेली. कुठे आहेत विचारलं तर त्यांनी डॅशबोर्डचा कप्पा उघडला. आत कागदांचा लगदा होता, मधोमध गंजलेली एक यू-पिन. त्या प्रकरणात मी जे लिहू शकलो ते फार थोडं होतं.

दोन महिने पुरेसे आहेत. पहिला आठवडा आरटीओ आणि कंपनीला अण्णांच्या निधनाची पत्रं, मग नाव, मग सर्व्हेयर. आणि आज संध्याकाळीच गाडी त्या माडाखालून काढा.